दान देणाऱ्याचे शिक्षण : नागपाड्यातून निघालेली एक वाट

वाचकहो, नागपाडा हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कोणाचे चुलते तेथे जमातीच्या खोलीत राहून गोदीत कामाला जात, कोणाचे मामा जहाजावर जाण्यापूर्वी तेथे मुक्कामाला असत. बास्केटबॉलच्या शौकिनांना भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर ह्याच वस्तीतले, हेही माहीत असेल. परंतु हिंदुस्थानात समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी पहिली शाळा ह्याच नागपाड्यात, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आणि हिंदू कामकऱ्यांच्या दाट वस्तीत सुरू झाली, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. आपली संस्था दरवर्षी जकात, सदका आणि देणग्यांच्या पैशातून कित्येक मुलांची फी भरते. तेव्हा मदत करणे हीदेखील शिकण्याची विद्या आहे काय, आणि ती शिकल्याने मदत करणाऱ्या संस्थांचे वागणे कसे बदलले, हा इतिहास आपण समजून घ्यावा असे मला वाटते.

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागेल. १८६९ साली लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी नावाची संस्था निघाली. त्या काळी लंडनमध्ये दानधर्म करणाऱ्या मंडळ्या उदंड होत्या, पण एकीचा दुसरीला पत्ता नसे. चतुर माणूस चार ठिकाणांहून मदत घेई, आणि भिडस्त विधवा उपाशी राही. ह्यावर सोसायटीने उपाय काढला तो असा : प्रत्येक अर्जदाराची नोंद ठेवायची, घरी जाऊन चौकशी करायची, आणि मगच मदत द्यायची. १८७७ साली अमेरिकेत बफेलो शहरी अशीच संस्था निघाली व तेथून ही पद्धत इतर शहरांत पसरली. घरी जाणाऱ्या बहुधा सुखवस्तू घरातील स्त्रिया असत. त्यांना पगार नसे. मन चांगले असले म्हणजे पुरे, अशी समजूत होती.

ही समजूत अपुरी आहे हे ज्या बाईंनी ठासून सांगितले त्यांचे नाव मेरी रिचमंड. त्या स्वतः पोरक्या होत्या, आजी व मावश्यांनी त्यांना वाढवले, आणि विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. बाल्टिमोरच्या संस्थेत त्या हिशेबाच्या कामासाठी लागल्या. पुढे १८९७ साली एका परिषदेत त्यांनी मागणी केली की, वैद्याला जसे शिक्षण लागते तसे गरिबांच्या घरी जाणाऱ्यालाही लागले पाहिजे, त्यासाठी शाळा काढा. दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कला सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. १८९९ साली ॲम्स्टरडॅमला दोन वर्षांची शाळा निघाली. १९१७ साली रिचमंडबाईंचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणसाची अडचण समजून घ्यायची तर घर, नातेवाईक, शाळा, मालक, डॉक्टर ह्या सगळ्यांकडून माहिती कशी घ्यावी, ऐकीव काय आणि पुराव्याचे काय हे कसे ओळखावे, ह्याचा त्यात सविस्तर विचार आहे. आपल्याकडे कोणी अर्ज घेऊन आला की समितीतील एखादा सभासद म्हणतो, “मी त्यांना ओळखतो, खरोखर गरजू आहेत.” रिचमंडबाईंनी ह्या एका वाक्यावर बहुधा पुरते प्रकरण लिहिले असते.

दुसरी वाट ह्याहून निराळी होती. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल स्थापन झाला आणि १८८९ साली शिकागोत जेन ॲडम्स ह्यांनी हल हाउस उघडले. येथील कार्यकर्ते गरिबांच्या वस्तीत नुसते जात-येत नसत, तर तेथेच बिऱ्हाड करून राहत. जेन ॲडम्स ह्यांना पुढे १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९०२ च्या आपल्या एका पुस्तकात त्यांनी दानधर्मासाठी घरोघर जाणाऱ्या पाहुण्या बाईचे मोठे मार्मिक वर्णन केले आहे. शेजारीण स्वतः अर्धपोटी असूनही न विचारता भांडेभर अन्न देते, आणि ही पाहुणी बाई मात्र आधी प्रश्न विचारते, म्हणून गरिबांना ती निर्दय वाटते. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. शिक्षणाने मदतीत शिस्त येते हे खरे, पण शिस्तीबरोबर गारठाही येऊ शकतो. ह्या दोन्ही गोष्टी पुढच्या इतिहासात बरोबरीने चालतात.

आता मुंबईकडे येऊ. मुंबईत समाजसेवेची परंपरा नव्हती असे मुळीच नाही. गोखल्यांनी १९०५ साली सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली होती. ना. म. जोशी ह्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना करून गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये चालवली. १९२४ साली मुंबईचा बालक कायदा झाला व त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली. डोंगरीचे रिमांड होम आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिले असेल. कायदा झाला, इमारत झाली, पण रस्त्यावर सापडलेल्या मुलाशी बोलायचे कसे, त्याच्या घरी जाऊन काय पाहायचे, हे शिकलेली माणसे मुबलक नव्हती.

अशा वेळी १९२५ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ मुंबईला आले. ते शिकागो विद्यापीठाचे डॉक्टरेट आणि अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. मिशनने १९२६ साली नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू केले व त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. हल हाउसचा हा नागपाड्यातील अवतार म्हणावयास हरकत नाही. वस्तीचे वर्ग, दवाखाना, खेळ, व्याख्याने असे त्याचे स्वरूप होते. पाद्री म्हटल्यावर आपल्या वाडवडिलांच्या मनात जी शंका येई ती येथेही आली असणार. परंतु मॅन्शार्ट ह्यांचे म्हणणे असे होते की सेवा ही सेवेसाठीच असावी, ती धर्मांतराचे आमिष होता कामा नये. वस्तीतील हिंदू-मुस्लिम तणाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. १९३६ साली त्यांनी ह्या प्रश्नावर एक पुस्तकही लिहिले.

ह्याच सुमारास सर दोराबजी टाटा ह्यांनी आपली जवळजवळ सर्व मालमत्ता एका विश्वस्तनिधीला दिली. पत्नीच्या दागिन्यांतील प्रसिद्ध ज्युबिली हिराही त्यात होता. एकूण रक्कम त्या काळच्या सुमारे एक कोटी रुपयांची. ठिकाण, राष्ट्र वा धर्म असा कोणताही भेद न करता तिचा विनियोग व्हावा अशी अट होती. मार्च १९३२ मध्ये निधी स्थापन झाला आणि जून महिन्यात सर दोराबजी परदेशी वारले. आता विश्वस्तांसमोर प्रश्न उभा राहिला की एवढा पैसा वाटायचा कसा? वाचकहो, जो प्रश्न कोटीच्या निधीला पडला तोच आपल्या मोहल्ल्यातील बैतुलमालला पडतो, फरक शून्यांचा आहे. मॅन्शार्ट ह्यांचा सल्ला घेतला गेला. त्यांनी जे सुचवले त्याचा मथितार्थ असा की, पैसे तुकड्यातुकड्याने वाटत बसण्यापेक्षा मदतीचे काम करणारी माणसे तयार करा. त्यातून १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. जागा तीच, नागपाडा नेबरहुड हाउस. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. अभ्यासक्रम पदवीनंतर दोन वर्षांचा होता.

ह्या शाळेत काय शिकवीत, त्याहीपेक्षा कसे शिकवीत हे आम्हां शिक्षकांच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय तर होतेच. पण खरा कणा होता क्षेत्रकार्याचा. आठवड्यातले काही दिवस विद्यार्थी प्रत्यक्ष एखाद्या संस्थेत, इस्पितळात वा वस्तीत काम करी आणि प्रत्येक भेटीची नोंद लिहून काढी. तो माणूस काय म्हणाला, मी काय विचारले, मी हे का विचारले, गप्प का बसलो. ही नोंद मार्गदर्शक वाचीत आणि तिच्यावर बसून चर्चा होई. आजही समाजकार्याच्या सर्व महाविद्यालयांत हीच रीत आहे. बी. एड्. ला आम्ही पाठाची टाचणे लिहितो, व निरीक्षक मागच्या बाकावर बसून तांबड्या शाईने शेरे मारतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र आमच्या टाचणात मुलाने काय उत्तर द्यावे हे आम्ही आधीच लिहून ठेवतो! समाजकार्याच्या विद्यार्थ्याला तशी सोय नाही.

ह्या शिक्षणाचा पुढच्या काळात संस्थांवर परिणाम कसा झाला ते पाहा. १९३७ साली शाळेने मुलांच्या मानसिक अडचणींसाठी बाल मार्गदर्शन केंद्र उघडले. एरवी ज्या मुलाला घरी व शाळेत ‘द्वाड’ म्हणून मार मिळे, त्याच्याशी तेथे कोणी तरी बसून बोलू लागले. १९४० साली शाळेचे स्वतःचे इंग्रजी नियतकालिक निघाले. १९४१ साली मॅन्शार्ट गेले व जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. १९४४ साली शाळेचे नाव बदलून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. इस्पितळात प्रथमच वैद्यकीय समाजसेविकेची जागा निर्माण झाली. डॉक्टर औषध लिहून देतो, पण औषध विकत घ्यायला पैसे आहेत का, रोगी घरी परतला तर त्याला अंथरूण कोठे मिळणार, कामावरून काढले तर बायकामुलांचे काय, हे विचारणारे माणूस इस्पितळात पाहिजे ही कल्पनाच नवी होती. आज मोठ्या सार्वजनिक इस्पितळात जाऊन ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी आपण पाहतो आणि ट्रस्टच्या मदतीचा कागद तेथून करून घेतो, त्या पाटीचा उगम येथे आहे. फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत ह्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी काम केले. १९५४ साली देवनारची नवी वास्तू पंडित नेहरूंच्या हस्ते खुली झाली आणि १९६४ साली संस्थेस विद्यापीठसमान दर्जा मिळाला.

ह्या काळात इतरत्रही अशा शाळा निघाल्या. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ साली, नागपूरला मातृसेवा संघाची संस्था १९५८ साली, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ साली सुरू झाली. दिल्लीच्या जामिया मिल्लियामध्ये १९६७ साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, हे आपण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता गारठ्याचा भाग. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४९ व्या कलमान्वये ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले. साहजिकच शिकलेल्या मुलांना तेथे बऱ्या पगाराच्या नोकऱ्या मिळू लागल्या, आणि अनाथाश्रमांना व वस्तीतील केंद्रांना माणसे मिळेनाशी झाली. ह्यात विद्यार्थ्यांना दोष देता येणार नाही. घर चालवावे लागते, आणि सेवा करणाऱ्याने उपाशीच राहावे हा आपल्या समाजाचा हट्ट काही बरा नव्हे. दुसरी तक्रार अभ्यासक्रमाविषयी होती. पुस्तके बहुतेक अमेरिकन. शिकागोतील एका कुटुंबाची अडचण ‘जुळवून घेण्याची’ असेल. पण ज्या खोलीत दहा माणसे पाळीपाळीने झोपतात त्या खोलीतल्या माणसाला कशाशी जुळवून घ्या म्हणून सांगायचे? ह्या टीकेमुळे हळूहळू वस्ती, जात, स्त्रियांवरील अन्याय हे प्रश्न अभ्यासक्रमात आले. प्रा. गौरीराणी बॅनर्जी ह्यांच्यासारख्यांनी समाजकार्याची तत्त्वे भारतीय परंपरेत शोधण्याचा प्रयत्न केला.

तोच प्रयत्न आपणही करून पाहू. सुनन अबू दाऊद ह्या हदीसग्रंथात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. एक अन्सारी गृहस्थ पैगंबर हजरत महंमद (स.) ह्यांच्याकडे मागावयास आला. त्यांनी प्रथम विचारले की तुझ्या घरी काही आहे का? होते ते एवढेच, अंगावर घेण्या-अंथरण्याचे एक जाड वस्त्र आणि पाणी पिण्याचा एक वाडगा. ते आणवून पैगंबरांनी सर्वांसमक्ष लिलाव केला. एकाने एक दिरहम देऊ केला, दुसऱ्याने दोन दिले. त्यांपैकी एका दिरहमचे घरच्यांना अन्न घे, आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आण, असे त्यांनी सांगितले. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वहस्ते बसवला. लाकडे तोड, वीक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. मुदतीनंतर तो माणूस दहा दिरहम कमावून परतला. आता रिचमंडबाईंच्या दृष्टीने हा प्रसंग वाचा. आधी चौकशी, पण ती माणूस खोटा आहे का हे पाहण्यासाठी नव्हे, तर त्याच्याजवळ काय आहे हे पाहण्यासाठी. मग आजची भूक, मग उद्याचे साधन, आणि शेवटी पुन्हा भेटण्याची तारीख. आमच्यापैकी किती समित्या ती शेवटची तारीख देतात?

आणखी एक गोष्ट. समाजकार्य करणाऱ्याने पगार घ्यावा की नाही ह्यावर पाश्चात्त्य देशांत पुष्कळ वाद झाला. कुरआन शरीफच्या सूरह तौबामध्ये (आयत ६०) जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत जकात गोळा करण्याचे व तिची व्यवस्था पाहण्याचे काम करणारेही आहेत. म्हणजे हे काम आहे, ते वेळ खाते, आणि ते करणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे, हे तेथे मान्य आहे. मग आपल्या संस्थेने एखादी शिकलेली समाजकार्यकर्ती पगारी नेमायचे म्हटले की “जकातीचा पैसा पगारावर कसा घालवायचा?” असा प्रश्न का उभा राहतो? मी आलिम नाही. जकातीतून असा पगार कोणत्या अटींवर देता येईल हे जाणकारांनी सांगावे. पण प्रश्नच उडवून लावू नये.

शब्दांचीही एक गंमत आहे. इंग्रजीत ज्याला ‘क्लायंट’ म्हणतात त्याला वकिलाच्या भाषेत अशील म्हणतात. मराठीतील समाजकार्याच्या पुस्तकांनी ‘सेवार्थी’ हा शब्द रूढ केला. सरकारी परिपत्रकात त्याचा ‘लाभार्थी’ होतो. आणि आपल्या स्मरणिकांत तो ‘गरीब व गरजू’ होतो. एकच मुलगी, एकच फी, पण तीन शब्दांत तिची तीन निराळी माणसे झाली. सेवार्थी ह्या शब्दात काही अधिकार शिल्लक आहे : तिचे म्हणणे ऐकून घेतले जाईल, तिची गोष्ट चार भिंतींबाहेर जाणार नाही, आणि निर्णय तिच्या विचाराने होईल. ही तत्त्वे फेलिक्स बिस्टेक ह्यांनी १९५७ साली सूत्ररूपाने मांडली आणि जगभरच्या समाजकार्याच्या वर्गांत ती शिकवली जातात.

ह्या तत्त्वांची खरी परीक्षा वर्गाबाहेर होते. १९८४ साली टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मार खाऊन आलेल्या बाईला तेथे बसवून आधी विचारले जाते की तुम्हांला काय हवे आहे. तडजोड, तक्रार, वेगळे राहणे, जे काही. ‘घरी जा, समजून घ्या’ हे उत्तर पाठ करून ठेवलेले नसते. पुढे शासनाने ही योजना महाराष्ट्रभर नेली. १९९० पासून त्यांचा ‘प्रयास’ हा प्रकल्प कैद्यांसाठी काम करतो. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्राच्या तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांच्या परिस्थितीचा अभ्यासही ह्याच संस्थेतील प्राध्यापकांनी केला होता. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा टाटा संस्थेतूनच निघाली व देशभर गेली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेकडे आली आहे. २०१८ साली बिहारमधील मुजफ्फरपूरच्या निवासगृहात मुलींवर होणारे अत्याचार उघडकीस आले ते संस्थेच्या ‘कोशिश’ ह्या प्रकल्पाने केलेल्या पाहणीमुळे. इमारत होती, अनुदान होते, कागद सर्व ठीक होते. मुलींशी वेगळे बसून बोलणारे मात्र त्याआधी कोणी गेले नव्हते, किंवा गेले असले तरी त्यांनी ऐकले नव्हते.

पालकबंधू-भगिनींनो, आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. ह्याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर दरवर्षी फी-सवलत मिळालेल्या विद्यार्थ्यांची नावे, इयत्ता आणि रक्कम छापली जाते. हेतू चांगला आहे. देणगीदाराला हिशेब दिसावा. परंतु वह्या-पुस्तके स्वीकारताना व्यासपीठावर उभी राहिलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात येते तेव्हा तिच्याकडे कोण कसे पाहते हे आम्ही वर्गशिक्षक पाहत असतो. दान देऊन ते बोलून दाखवू नये, आणि गरिबाला गुपचूप दिलेले अधिक चांगले, हे सूरह बकराने आपल्याला केव्हाच सांगितले आहे. हिशेब तर नावांऐवजी क्रमांकांनीही देता येतो. हिशेबतपासनीसांना मूळ यादी पाहता येतेच.

विद्यार्थ्यांसाठी एक माहिती. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. कला शाखेचा म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रमही महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत आहे. मुलींच्या बाबतीत पालक क्षेत्रकार्याला, म्हणजे परक्या वस्तीत जाण्याला, बिचकतात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की हे काम मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या संस्थेत आणि ठरलेल्या वेळी होते. आणि उर्दू, मराठी, कोकणी अशा दोन-तीन भाषा घरातच शिकलेल्या मुलीला इस्पितळाच्या वॉर्डात जेवढे ऐकू येईल, तेवढे पुस्तकातून शिकलेल्याला येणार नाही.

येत्या वार्षिक सभेसाठी मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत. पहिली, सवलतीच्या यादीत नावे न छापण्याविषयी. दुसरी, आपल्यापैकी एका पदवीधर विद्यार्थिनीला समाजकार्याच्या शिक्षणासाठी दोन वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती देऊन, परतल्यावर तिला संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागात पगारी नेमण्याविषयी. दुसऱ्या सूचनेला खर्च आहे, पहिलीला मुळीच नाही. ज्या पालकांच्या मुलांची नावे आजवर छापून आली आहेत त्यांनी सभेला जरूर यावे. बोलावेसे वाटले नाही तरी चिठ्ठी लिहून चिटणीसांच्या पेटीत टाकता येईल, आणि तिच्यावर नाव लिहिण्याची गरज नाही.